फिरतं दुखणं

चेन्नईजवळच्या आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या मैदानावर आता व्यायामाची यंत्रं बसवली आहेत. निळी-पिवळी, उघड्यावरची. एकावर उभं राहून पाय झुलवायचे, दुसऱ्यावर बसून दांडा ओढायचा. मार्गळी महिन्यातली सकाळ, म्हणजे चेन्नईला परवडेल तेवढी थंडी. कारखान्यातून निवृत्त झालेले मामालोक कानटोप्या घालून चकरा मारत होते आणि प्रत्येक चकरेनंतर मनगटावरच्या घड्याळात पावलं किती झाली ते बघत होते. एक बाई पाय झुलवता झुलवता फोनवर कुणाला तरी झापत होती, इडलीचं पीठ नीट आंबलं नाही म्हणून. सगळे किती मजेत होते. मला एकेकाला यंत्रावरून खाली ओढावंसं वाटलं.

खरं तर मैदानात जायचं काही कारण नव्हतं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं घर पलीकडे दोन गल्ल्या सोडून आहे आणि रस्ता बाहेरून जातो. पण मैलापूरच्या घरून निघताना जी घाई होती ती आवडीला गाडीतून उतरताच आटली. जे काम घेऊन आले होते ते दहा मिनिटं तरी पुढे ढकलावं म्हणून मी कडेच्या कठड्यावर जाऊन बसले.

काम तसं साधं होतं. येत्या सोमवारी सुमीचं ऑपरेशन आहे. सुमी माझी धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आता बावन्नची. तिच्या हृदयाची एक झडप तिशीत बदलली होती, ती थकली. आता पुन्हा बदलायची. या खेपेला डॉक्टर ‘काळजी करू नका’ असं म्हणाले नाहीत. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती खाली आणि मी वर, कारण तिला जिने चढवत नाहीत. परवा संध्याकाळी मी तिची दवाखान्याची पिशवी भरत होते, तेव्हा ती म्हणाली, ‘अक्का, अप्पांना एकदा घेऊन ये. त्यांनी एकच म्हणायचं, सुमे, माझं चुकलं. तेवढं ऐकलं की मी निवांत आत जाईन.’

सुमीने आयुष्यात कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, आणते.

आमच्या लहानपणी या मैदानात फरशा नव्हत्या, यंत्रं नव्हती. लाल माती होती, आणि पहाटेच्या दवाने ती भिजली की नव्या मडक्यात पाणी ओतल्यासारखा वास यायचा. कारखान्याचा पहिला भोंगा व्हायच्या आधी अप्पा उठलेले असायचे. अप्पा सांगलीकडचे, तालमीत वाढलेले. नोकरीसाठी इतक्या लांब आले आणि कारखान्यात तपासनीस झाले. दिवसभर लोखंडी भागांमधले दोष शोधायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्यातले. त्यांना राग म्हणून कधी यायचा नाही. आवाज चढला नाही, हात उगारला नाही. आमच्या घरात नुसते नियम होते.

ब्लॉकच्या जिन्याखाली त्यांनी एक फळा टांगला होता. त्यावर रोज एक नियम, वर मराठीत, मध्ये तमिळमध्ये, खाली इंग्रजीत. उठल्यावर चूळ न भरता दोन तांबे पाणी प्या. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. जेवल्यावर शंभर पावलं चाला, मग डाव्या कुशीवर पडा. बसताना पाठ टेकू नका. कपाळावरचा घाम पुसू नका, वाळू द्या. कामावर जाणारे लोक थांबून वाचायचे आणि माना हलवायचे. वसाहतीत सगळे अप्पांना ‘हेल्थ सार’ म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू, आजही कुणी ते नाव घेतलं तर माझी मान जरा ताठ होते.

इथल्या चालीरीतींपैकी ज्या पुरेशा त्रासदायक होत्या तेवढ्या अप्पांनी उचलल्या. शुक्रवारी आम्हा मुलींची तेलाची अंघोळ. तिळाच्या तेलात मिरे आणि जिरे तडतडवायचे, ते कोमट तेल टाळूवर थापायचं, डोळ्यांत गेलं तरी चोळायचं नाही. मग शिकेकाई, आणि मग साम्ब्राणी धुपाच्या धुरावर केस सोडून बसायचं. मैलापुरात एखाद्या दारातून तो धूर आला की माझे डोळे आजही आपोआप मिटतात. महिन्यातून एकदा उपाशीपोटी निलवेंबूचा काढा, ज्याला कडू म्हणणं म्हणजे त्याचं कौतुक करणं. सुट्टी लागली की एरंडेल. कडुनिंबाच्या पाल्याची बोराएवढी गोळी रोज, न चावता गिळली तर आणखी एक. आई पदराआडून आमच्या तळहातावर साखरेची चिमूट ठेवायची. अप्पांना ते कळलं आणि साखरेचा डबा त्यांच्या कपाटात गेला.

तरी ते दिवस मला हवेसे वाटतात, आणि हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. दारासमोर सडा टाकणाऱ्या बायकांच्या पाण्याचा सपकारा, कोवळ्या उन्हाच्या आधीचा तो निळसर उजेड, देवळाच्या कर्ण्यावरून येणारं खरखरीत गाणं, आणि मैदानावर वीस-पंचवीस पोरांचे अनवाणी पाय. अप्पा सगळ्या वसाहतीच्या मुलांना पळवायचे, फुकट. त्या पायांमध्ये सुमीचे पाय वेगळे ऐकू यायचे. आधी ते जोरात पडायचे आणि मग फरफटायला लागायचे.

सुमी दहा वर्षांची होती तेव्हा दिवाळीच्या सुमाराला तिचा घसा सुजला. थुंकीसुद्धा गिळवेना. आमच्या घरात घशासाठी मिठाच्या गुळण्या, हळद आणि लंघन, एवढंच होतं. ताप आला, गेला. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. लाल झाला, गरम झाला, पांघरूण लागलं तरी ती कळवळायची. आई कापूर घातलेलं तेल हलक्या हाताने लावायची. चार दिवसांनी गुडघा उतरला आणि डावा घोटा धरला. मग मनगट. मग पुन्हा गुडघा, या वेळी डावा. अप्पांनी आठवडाभर बारकाईने पाहिलं, कारखान्यात एखादा भाग हातात घेऊन पाहायचे तसं, आणि निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी तो फळ्यावर होता. खरं दुखणं एका जागी राहतं. फिरतं ते सोंग.

मराठी ओळ मी लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून फळा लिहायचं काम माझ्याकडे असायचं. ती ओळ मी दोनदा पुसून पुन्हा लिहिली, सरळ येईपर्यंत. सगळी वसाहत ती वाचून कामावर गेली आणि हे कुणाबद्दल आहे ते सगळ्या वसाहतीला कळलं. शाळेच्या बसमध्ये पोरं सुमीला ‘नडिप्पु’ म्हणायला लागली, म्हणजे नाटक. आज कुठे दुखतंय नडिप्पु, नाकात का, असं विचारायची. मीही हसायचे. सगळेच हसत होते.

आज कुठलाही शिकाऊ डॉक्टर सांगेल, घसा सुजून गेल्यावर मुलाचे सांधे असे एकामागून एक धरले तर ते सोंग नसतं. तो हृदयाकडे निघालेला आजार असतो. दुखणं फिरतं, हीच त्याची खूण. अप्पांची नजर इतकी तयार की त्यांनी नेमकी ती खूण टिपली, आणि नेमका उलटा अर्थ लावला. सांधे उतरल्यावर त्यांनी सुमीला पुन्हा मैदानावर आणलं, आणि घामाने सगळं सुटेल म्हणून इतरांपेक्षा जास्त पळवलं.

ती तिसऱ्या फेरीला गायब व्हायची. मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती, तिच्या मागे ओलसर शेवाळात ती गुडघ्यांत डोकं घालून बसायची आणि शेवटच्या फेरीला सगळ्यांच्या मागून निघायची. मला ते माहीत होतं. ते मी अप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी अप्पा टाकीपाशी उभे होते. पाच नेहमीच्या आणि लपल्याबद्दल दोन, असं ते शांतपणे म्हणाले, आणि सुमी सात फेऱ्या पळाली. शेवटी तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. माझ्या गळ्यात त्या दिवशी शिट्टी आली. ती पितळेची होती आणि ओठांना गार लागायची. रोज फेरी सुरू करायची शिट्टी मी वाजवायची, हे माझं बक्षीस. सुमीला वाटतं की अप्पांनी तिला आमच्या बाल्कनीतून पाहिलं होतं. मी तिचा समज कधी दूर केला नाही.

आई फार बोलणारी नव्हती. एकदाच, ताटं वाढताना, ती अप्पांना म्हणाली की या पोरीला कुणाला तरी दाखवू या. अप्पा म्हणाले, विचार करतो. पुढे काही झालं नाही.

सुमीला बाविसाव्या वर्षी बँकेत नोकरी लागली. तिथल्या तपासणीत डॉक्टरांनी छातीला लावलेली नळी बराच वेळ उचललीच नाही. मग त्यांनी लहानपणच्या घशाबद्दल विचारलं, सांध्यांबद्दल विचारलं, पळताना दम लागायचा का विचारलं. वेळेवर साधी इंजेक्शनं मिळाली असती तर एवढं झालं नसतं, असं ते म्हणाले. अप्पा तिथेच बसले होते, पाठ न टेकता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेहमीसारखा नियम होता. पाणी उभ्याने पिऊ नका, बसून प्या.

आता फळ्याच्या जागी फोन आहे. रोज पहाटे पाच वाजता घरच्या ग्रुपवर अप्पांचा नियम येतो, गुलाबाच्या चित्रासकट. या ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी आला होता, हृदय बळकट हवं असेल तर जिने चढा. सुमीने मला तो दाखवला आणि इतकी हसली की तिला पलंगाची कड धरावी लागली.

ही सगळी गोष्ट मी चांगली सांगते. गेली तीस वर्षं सांगते आहे. ऑफिसात सांगितली, सासरी सांगितली, मार्गळीत गाण्याची कचेरी, म्हणजे मैफल, संपल्यावर सभागृहाच्या कॅन्टीनमध्ये पोंगल खाता खाता नव्या मैत्रिणींना सांगितली. कुठे थांबायचं, ओठांचा रंग कधी सांगायचा, मला पाठ आहे. ऐकणाऱ्या बायका च्च च्च करतात आणि म्हणतात, कसले ग तुझे वडील. शिट्टी मी सांगत नाही.

कठड्यावरून उठले तेव्हा ऊन मैदानाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. अप्पांचं दार उघडंच होतं. ते चौऱ्याऐंशीचे आहेत. सगळे दात स्वतःचे, कान खणखणीत, कंबर ताठ. आई गेल्यापासून एकटे राहतात आणि स्वतःची नाचणीची आंबील स्वतः शिजवतात. त्यांनी मलाही एक पेला दिला, ताक घालून, वर चिरलेला छोटा कांदा. चव अगदी तीच होती. मला ती आवडली म्हणून मी आणखी चिडले.

मग मी त्यांना सुमीचं मागणं सांगितलं, आणि त्याच्यामागून जे इतकी वर्षं लोकांना सांगत आले ते पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर सांगितलं. फळा, टाकी, सात फेऱ्या, ओठ. काही म्हणजे काही सोडलं नाही. तुमचे दात बघा आणि तिचं हृदय बघा, असं म्हटलं. आईने एकदा तोंड उघडलं होतं, तिचंही ऐकलं नाहीत. पोरगी एक शब्द मागते आहे, तोही तुमच्या नियमात बसत नसेल तर तसं सांगा, मी जाते. बोलताना मला आनंद होत होता, हे लपवत नाही. त्यांनी आंबील अर्धी ठेवून पेला बाजूला सारला, ते मी डोळे भरून पाहिलं.

ते उठून आत गेले. मला वाटलं, झालं, मिटलं. दहा मिनिटांनी बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खुर्चीवर बसून त्यांनी सावकाश बूट चढवले, नाड्या बांधल्या, भिंतीवरची किल्ली घेतली. ‘चल,’ म्हणाले. ‘सांगतो तिला.’

मी सगळ्याची तयारी करून आले होते, याची सोडून. दारापाशी ते थांबले.

‘थोरले,’ ते म्हणाले. मी थोरली, म्हणून लहानपणापासून हेच माझं नाव. ‘चुकलं म्हणेन मी. पण ती विचारेल, आईने म्हटलं तेव्हा तरी का नेलं नाहीत. मग मला रजेचं सांगावं लागेल. अर्धं सांगून अर्धं ठेवणं मला जमायचं नाही.’

मी विचारलं, कसली रजा. कसली ते मला माहीत होतं.

त्यांनी सांगितलं, काल घडलं असावं इतकं स्वच्छ. आई बोलल्यावर त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सुमीला गाडीने शहरात मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी फळा पुसत होते, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन बसले आणि मला विचारलं, तू तिच्या शेजारी झोपतेस, तिला खरंच दम लागतो का.

‘तू म्हणालीस, नाही अप्पा, शाळा बुडवायला करते ती. मी रजा मागे घेतली. तू बारा वर्षांची होतीस, तुला काय बोल लावायचा. एवढ्याशा पोरीला विचारलं, ही चूक माझीच. तेही तिला सांगेन. पण तुझं नाव घ्यावं लागेल.’

आम्ही दोघी एका चटईवर झोपायचो. सुमी माझ्या पाठीला चिकटून झोपायची, आणि तिचं काळीज माझ्या पाठीवर इतकं जोरात आपटायचं की मला झोप यायची नाही. मी सरकून घ्यायचे. कितीतरी वेळा ती उठून भिंतीला टेकून बसायची, कारण आडवं पडलं की तिला श्वास पुरत नसे. मला सगळं माहीत होतं. त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ती एकटी अप्पांबरोबर गाडीत बसून शहरात जाणार होती, आणि परत येताना अप्पा तिला हॉटेलात डोसा देणार होते. मला कधी नेलं नव्हतं. एवढंच कारण. बेचाळीस वर्षं मी याहून मोठं कारण शोधते आहे, ते सापडत नाही.

अप्पा किल्ली हातात घेऊन वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, डाव नव्हता. मी हो म्हणाले असते तर ते निघाले असते.

तेवढ्यात सुमीचा फोन आला. ती हळू बोलत होती, दोन शब्दांमध्ये थांबत.

‘अक्का, निघालात? येतायत ना अप्पा?’

‘नाही ग,’ मी म्हटलं. ‘त्यांना काही आठवतच नाही. मी खूप सांगून पाहिलं. नाही म्हणतात.’

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

‘वाटलंच मला,’ ती म्हणाली. ‘सरी, पोदुम, पुरे झालं. आता त्यांना छळू नकोस, म्हातारे झालेत. तू ये. तेव्हासुद्धा त्या घरात माझ्या बाजूने तू एकटीच होतीस.’

मी हो म्हटलं.

अप्पा बूट घालून दारात उभे होते. त्यांना स्वच्छ ऐकू येतं. मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी सोमवारपर्यंत तिला कुणाला भेटू देऊ नका म्हटलंय. मग मला न्यायला कशाला आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. मी मिळाली ती गाडी पकडून मैलापूरला परत आले आणि सुमीला तिच्या दुपारच्या गोळ्या वेळेवर दिल्या.